आधी कोण पेटतं?

त्याचं खरं नाव पगारपत्रकावर होतं आणि ते तिथेच राहिलं. बाकी सगळीकडे तो चुळबुळे. शाळेत एका बाईंनी वैतागून ठेवलेलं हे नाव त्याला असं चिकटलं, की विज्ञान संग्रहालयात नव्यानं लागलेली माणसं ते त्याचं आडनावच समजत आणि ‘चुळबुळेसाहेब’ अशी अदबीनं हाक मारत. लग्न ठरत असताना सासरेबुवांनीही मध्यस्थाला विचारलं होतं म्हणे, हे चुळबुळे नक्की कोणाच्या नात्यातले?

नाव काही खोटं नव्हतं. जेवताना त्याचा एक पाय टेबलाखाली शिवणयंत्र चालवल्यासारखा हलायचा. नाटकाला गेला की मध्यंतराच्या आत शेजारच्यांचे पाय तुडवत दोनदा बाहेर जाऊन यायचा. न्हावी कात्री थांबवून म्हणायचा, “कान ठेवायचेत की नकोत, एकदा ठरवा.”

पण त्याच हातांत कसब होतं. संग्रहालयाच्या मागच्या अंगाला पत्र्याचं छप्पर असलेली एक लांबलचक कार्यशाळा होती, तिथे तो मॉडेलं बनवायचा. छताला टांगलेला व्हेल मासा त्याचा. मुलं एका बाजूनं शिरून दुसऱ्या बाजूनं बाहेर पडत, ते माणसाचं हृदय त्याचं. ज्वालामुखी त्याचा. फक्त झालेली गोष्ट झाली असं त्याला कधी वाटायचं नाही. उद्घाटन होऊन लोक बघून गेले तरी हा शिडी घेऊन हजर. इथे थोडं घास, तिथे थोडं लिंप. त्याची बायको मुलांच्या इस्पितळात नर्स होती. ती म्हणायची, “आमच्याकडे काही पेशंट टाके घातले की स्वतःच ओढून बघतात, धरलेत का म्हणून. तसं तुमचं.”

ह्याच खोडीपायी त्याचं आणि पेंटरचं फाटलं होतं. पेंटर म्हणजे कार्यशाळेतला रंगकाम करणारा, त्याच्याहून दोन-चार वर्षांनी मोठा, जाड भिवयांचा, कमी बोलणारा माणूस. व्हेलचा डोळा त्यानं अर्धवट मिटलेला रंगवला होता. चुळबुळेनं जेवणाच्या सुट्टीत वर चढून तो टक्क उघडा केला. पेंटर परत आला, वर बघितलं, शांतपणे ब्रश धुतले, आणि त्या दिवसापासून चुळबुळेशी एक शब्द बोलला नाही. दोघं बसायचे मात्र एकाच टेबलावर. “वायरमन, त्याला सांग, माझी पट्टी दे.” “वायरमन, त्याला सांग, पट्टी त्याच्याच बगलेत आहे.” अशी वर्षानुवर्षं गेली. मग पेंटर निवृत्त झाला. त्याच्या आगेमागे सुतार, वायरमन, कापडकाम करणाऱ्या बाईही गेल्या. संग्रहालय आता मॉडेलांऐवजी टीव्हीसारखे पडदे विकत घेऊ लागलं होतं. त्या लांबलचक खोलीत चुळबुळे एकटा उरला, आणि त्याच्याही निवृत्तीला फक्त एक उन्हाळा बाकी होता.

अशा वेळी संचालकसाहेबांनी त्याला बोलावलं. ताऱ्यांच्या जन्मावर नवं दालन होणार होतं. भिंतीभर पडदेच, पण मधोमध लोकांना भोवती फिरता येईल असं काहीतरी हवं. “ढग हवाय,” साहेब म्हणाले. “विद्यापीठातल्या बाई सांगतील कसा ते.”

त्या बाई म्हणजे चाळिशीतल्या एक खगोलशास्त्रज्ञ. चुळबुळेनं पहिल्याच दिवशी त्यांचं ‘खगोलबाई’ करून टाकलं, आणि त्यांनीही ते हसून चालवून घेतलं.

“ढग म्हणजे पाण्याचा?” त्यानं विचारलं.

“वायूचा. बहुतेक सगळा हायड्रोजन. इतका गार, की त्याचे अणू दोन-दोन जोडीनं राहतात, रेणू होऊन. त्यात चिमूटभर धूळ. ती धूळ मागचा उजेड अडवते, म्हणून नुसत्या डोळ्यांना तिथे आकाशाला भोक पडल्यासारखं दिसतं.”

“आणि तारे?”

“त्या भोकातच जन्मतात.”

त्यांनी एक चित्र टेबलावर पसरलं. डोळ्यांना न दिसणाऱ्या, उष्णतेच्या उजेडात घेतलेलं, वरून रंग दिलेलं. धुराचे लांबच लांब धागे, आणि धाग्यांवर मधूनमधून गोल पिवळे ठिपके. खगोलबाई सांगत होत्या, की दांडग्या ताऱ्यांचं सगळ्यांना कौतुक. ते जन्मले की आजूबाजूचा ढगच उधळून देतात आणि मरतात तेही स्फोट करून. सूर्याएवढे लहान तारे आपले घरचे. ह्यांच्या मधले, सूर्याच्या दुप्पट-तिपटीपासून आठपटीपर्यंतचे, त्यांच्याकडे फारसं कुणी बघत नाही. “मी त्यांच्याच मागे आहे.”

“मी मधला भाऊ,” चुळबुळे म्हणाला. “थोरल्याचे जुने कपडे आणि धाकट्यानं केलेल्या खोड्यांचा मार.”

“ताऱ्यांत कपड्यांचा प्रश्न नाही,” खगोलबाई हसल्या, “पण भांडण आहे. ढग एक, आणि खाणारी तोंडं पुष्कळ. हे मधले तारे एकटे जन्मत नाहीत, हे लक्षात ठेवा.”

पण चुळबुळेचा पाय टेबलाखाली केव्हाच सुरू झाला होता. कापूस उशीतला घ्यायचा की गादीतला, ह्या विचारात तो पार पुढे निघून गेला होता. आठवड्याभरात त्यानं जाळीवर कापूस चढवून चार गुबगुबीत ढग उभे केले, प्रत्येकाच्या पोटात एकेक पिवळा दिवा.

खगोलबाईंनी भोवती एक चक्कर मारली. “सुंदर आहे,” त्या म्हणाल्या. “पण चूक आहे. एका ढगात एक दिवा नसतो हो. तो पिवळा ठिपका म्हणजे आख्खी टोळी आहे.”

त्यानं चारही ढग उसवले. ह्या खेपेला प्रत्येकात सारख्या आकाराचे सात-आठ दिवे गोलाकार बसवले.

“हा वाढदिवसाचा केक झाला,” खगोलबाई म्हणाल्या.

मग मात्र त्यानं खुर्ची ओढली, दोन्ही हात मांड्यांखाली दाबले आणि ऐकलं. ढग शांत नसतो, आतून ढवळलेला असतो. त्या ढवळण्यातून वायूचे धागे बनतात. धाग्यावर जिथे वायू जास्त साचतो तिथे गाठ पडते, गाठ स्वतःच्याच वजनानं आत कोसळू लागते, आणि कोसळता कोसळता तिचे तुकडे होतात. एखाद्या तुकड्याला भरपूर वायू मिळतो, तो मधला तारा होतो. बाकीच्यांना मिळेल तेवढ्यावर भागवावं लागतं. मधला जितका वजनदार, तितकी त्याच्याभोवती दाटी जास्त.

हे त्याच्या डोक्यात बसलं, आणि बसलं ते त्याला उठवूनच. आठवडाभर तो धड जेवला नाही. दालनाच्या छताला एक जाड तार आडवी ताणली, तिच्यावरून बारीक तारा सोडल्या, त्यांना पिंजलेला कापूस लावून धागे केले, आणि धाग्यांवर गाठी. प्रत्येक गाठीत एक ठसठशीत दिवा आणि त्याभोवती तांदळाएवढे बारके, कुठे तीनच, कुठे पंचवीस. खगोलबाई आल्या, खाली वाकून त्या धाग्यांमधून चालत गेल्या आणि पलीकडे जाऊन मागे वळल्या. मग म्हणाल्या, “हो.”

दुसऱ्या कुणाला तेवढं पुरलं असतं. चुळबुळेनं खिशातून टायमर काढला.

“आधी कोण पेटतं?”

“म्हणजे?”

“दिवे क्रमानं लागायला हवेत ना? मधला आधी पेटतो, की भोवतीची पिलावळ?”

खगोलबाईंनी चष्मा काढून पुसला. “माहीत नाही.”

“तुम्हाला माहीत नाही, की कुणालाच?”

“कुणालाच, खात्रीनं असं. काही ठिकाणी छोटे आधीचे वाटतात, काही ठिकाणी सगळे बरोबरीचे. ताऱ्यांची वयं मोजायची आमची पट्टीच फार जाड आहे. ह्याच एका प्रश्नापायी माझे केस पिकले.”

“अहो, पण काहीतरी एक असणारच की!”

“असणार. म्हणून तर झोप लागत नाही.”

त्याची तर बसल्या जागी तगमग सुरू झाली. दोन दिवसांनी तो थेट विद्यापीठात खगोलबाईंच्या खोलीत जाऊन धडकला. खोली कसली, दोन टेबलं आणि एक खिडकी. पडद्यावर एक वाकडीतिकडी रेघ होती, मधेच उंचवटा आलेली.

“हा तुमचा ढग,” त्या म्हणाल्या. “वायूतून येणारी रेडिओची लहर. वायू निवांत असता तर हा उंचवटा सुईसारखा बारीक दिसला असता. बघा किती फुगलाय. आत सगळी पळापळ चालू आहे, काही वायू आपल्याकडे येतोय, काही लांब जातोय.”

चुळबुळे त्या फुगलेल्या रेघेकडे बराच वेळ बघत राहिला. स्वस्थ न बसणारं काहीतरी इतकं मोठं असू शकतं, हे त्याला कुठेतरी बरं वाटलं. पण उत्तर काही मिळालं नाही. परत येऊन त्यानं मधला तारा आधी पेटवला. दुसऱ्या दिवशी पिलावळ आधी. तिसऱ्या दिवशी निम्म्या गाठी अशा आणि निम्म्या तशा.

संचालकसाहेब रोज एक फेरी मारत. “चुळबुळे, काल छोटे आधी पेटत होते.”

“आज विचार बदलला, साहेब.”

“विश्वाचा, की तुमचा?”

उद्घाटन जवळ आलं तशी साहेबांनी दालनाची किल्ली त्याच्याकडून काढून घेतली. “आता हात लावायचा नाही. काय आहे ते आहे.”

घरी त्यानं ताटलीत पावाचा चुरा केला आणि चुऱ्याच्या छोटे-मोठे ढिगारे लावत बसला. बायको ड्यूटीवर निघाली होती. जाता जाता म्हणाली, “खा तरी त्यातलं एखादं नक्षत्र.”

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी दुपारी सफाईची माणसं दालनात शिरली, त्यांच्या मागोमाग हाही शिरला. खिशात पक्कड होती. त्याला फक्त एका गाठीची वायर वेगळी काढायची होती, एवढंच. बाकी सगळं राहू दे, एका गाठीत सगळे दिवे एकदम लागले तर कसं दिसतं, ते बघायचं होतं. शिडीवर चढून त्यानं कापसात हात घातला, बोटांनी चाचपून वायर शोधली आणि पक्कड दाबली.

ती वायर नव्हती. ज्या ताणाच्या तारेवर सगळा ढग पेलला होता, ती होती.

कापूस पडताना आवाज करत नाही. एक धागा लोंबला, त्यानं दुसऱ्याला ओढलं, आणि बघता बघता अख्खा ढग जमिनीवर येऊन पसरला, आतले काही दिवे अजून लुकलुकत. सफाईवाल्या बाईंनी तोंडावर हात ठेवला. चुळबुळे शिडीवरच होता. आयुष्यात पहिल्यांदा त्याचं सगळं अंग एका जागी थिजलं होतं.

खाली उतरल्यावर त्यानं आधी बायकोला फोन लावून काय झालं ते सांगितलं.

“लागलं का तुम्हाला?” तिनं विचारलं.

“नाही.”

“मग आवाज असा का काढताय? पेंटरला बोलवा.”

“अगं, तो बोलत नाही माझ्याशी.”

“बोलायला कुणाला पाहिजे तो? कामाला पाहिजे.”

शेवटी तिनंच पेंटरच्या घरी फोन केला. काय बोलली कोण जाणे, पण तासाभरात पेंटर गुडघा सांभाळत, बगलेत ब्रशांची जुनी पिशवी मारून दारात उभा राहिला. खगोलबाईही शिकवणं टाकून आल्या होत्या. संचालकसाहेब दारातून एकदा बघून गेले आणि पाणी प्यायले.

पेंटरनं जमिनीवरच्या पसाऱ्याकडे पाहिलं. मग खगोलबाईंकडे वळून म्हणाला, “बाई, ह्याला सांगा, तार ताण आधी.”

“ऐकतोय मी,” चुळबुळे म्हणाला.

“बाई, सांगा, ऐकत असेल तर चढायला सांगा.”

तार चढली. मग धागे एकेक करून वर गेले. पेंटर खालून धरायचा, चुळबुळे वरून बांधायचा आणि खगोलबाई दोघांच्या मधे निरोप्या. पहिल्यासारखी मांडणी काही जमली नाही. एक धागा खाली झोल घेऊनच राहिला, दोन गाठी एकमेकींत गुंतल्या त्या गुंतल्याच. चुळबुळे त्या सोडवायला गेला तेव्हा पेंटरनं पिशवीतून स्प्रेची बाटली काढली आणि खगोलबाईंना म्हणाला, “आता ह्याला बाहेर बसवा. मी रंगवताना हा आत नको. आतून कडी घाला.”

कडी लागली. बाहेर भिंतीशी एक बाक होता. चुळबुळे बाकावर बसला, उठला, बसला. आतून स्प्रेचा फसफस आवाज आला. मग ओढाताण केल्याचा. मग काहीतरी तुटल्याचा. “काय तुटलं?” तो दारापाशी ओरडला. आतून पुन्हा फसफस. तो कॉरिडॉरच्या टोकापर्यंत गेला, ज्वालामुखीला हात लावून परत आला. पुन्हा गेला. पहारेकऱ्यानं त्याच्यापुढे चहाचा कप धरला, तो त्यानं हातात घेतला आणि खिडकीच्या कट्ट्यावर विसरला. आत खगोलबाई मोठ्यानं हसल्या. आपलं काम आपल्यावाचून चाललंय, आणि वर लोक हसतायत! दाराच्या फटीला डोळा लावावा असं वाटलं, पण फटीला आतून कागद चिकटवलेला होता. पेंटर त्याला चांगला ओळखून होता.

संध्याकाळी पाखरांचा कलकलाट थांबता थांबता दार उघडलं.

पेंटरनं सगळ्या दिव्यांवर कापूस दाबून टाकला होता. एकही दिवा उघडा दिसत नव्हता. कापसावर धुरकट तपकिरी हात फिरला होता, आणि गाठींच्या आतल्या बाजूला गेरूमिश्रित पिवळा. टायमर तुटून कोपऱ्यात पडला होता. सगळे दिवे एकदम लागलेले होते, पण कापसातून बाहेर येत होती ती नुसती उबदार पिवळी धग. आत एक आहे की पंचवीस, सांगता येत नव्हतं. मधला कुठला, बारका कुठला, काही नाही.

“बाई, ह्याला सांगा,” पेंटर म्हणाला, “ते लुकलुकणं डोळ्यात खुपत होतं. काढून टाकलं.”

“पण मग लोकांना कळणार कसं? आत इतकी टोळी बसवलीय मी!”

“आम्हालाही असंच दिसतं,” खगोलबाई म्हणाल्या. “पुसट, पिवळं. पहिली लाखभर वर्षं ढग त्यांना असा पोटात धरून असतो. पुढे त्यांच्याच उबेनं आतला वायू मागे सरतो, पोकळी होते, आणि तेव्हा कुठे ते उघडे पडतात. तोवर टोळीही सैल झालेली असते.” मग त्या चुळबुळेकडे वळल्या. “आधी कोण, ते मी फलकावर लिहीन. माहीत नाही म्हणून.”

ह्यावर संचालकसाहेब कुरकुरले. संग्रहालयात ‘माहीत नाही’ कसं लिहायचं? खगोलबाई म्हणाल्या, खरं आहे म्हणून लिहायचं. फलक लागला.

दुसऱ्या दिवशी दालन माणसांनी भरलं. लोक वाकून धाग्यांखालून जात होते, गाठींशी तोंड नेऊन आत डोकवायचा प्रयत्न करत होते. एक आजोबा तर एका गाठीसमोरून हलेनातच, त्यांची मुलगी दोनदा बाही ओढून गेली. चुळबुळे इस्त्रीचा शर्ट घालून बाजूला उभा होता. त्याला फक्त तो झोल गेलेला धागा दिसत होता. लोकांच्या डोक्याला लागेल, एवढा खाली. नुसता चिमटीनं वर सरकवला तरी पुरे. तो दोन पावलं पुढे झाला. चिमूट उचलली.

“हात!”

पेंटर त्याच्या मागेच होता. इतक्या वर्षांनी तो त्याच्याशी थेट बोललेला हा पहिला शब्द. चुळबुळेनं हात खिशात घातला. मग दुसराही घातला.

“डोकं लागलं तर लागू दे,” पेंटर पुढे म्हणाला. “वाकतील.”

चुळबुळे मागे वळला. बोलायचं पुष्कळ होतं, पण त्यानं तोंड उघडताच पेंटर म्हणाला, “आता भाषण नको.” मग दोघं खाली कॅन्टीनमध्ये गेले आणि कॉफीत साखर किती घालावी ह्यावरून कडाक्यानं भांडले.

उन्हाळा संपला, निवृत्ती आली. पहिल्या पंधरवड्यात चुळबुळेनं घरातले सगळे नळ उघडून परत बसवले, पंखा खाली काढला, दाराच्या बिजागऱ्या बदलल्या आणि मग जुन्याच पुन्हा लावल्या. बायको रात्रपाळी करून येई आणि दुपारी झोपू बघे, तर उशाशी ठोकाठोक. एका दुपारी ती उठली, चप्पल घातली आणि पेंटरच्या घरी गेली. “ह्यांना घेऊन जा,” ती म्हणाली. “परत संध्याकाळी पाठवा.”

पेंटरच्या घराला जोडून गाडी ठेवायची खोली होती, त्यात गाडी कधीच नव्हती. तिथे दोघांनी टेबल मांडलं. चपलांच्या दुकानासाठी पुरुषभर उंचीचा बूट झाला. कुलपांच्या दुकानासाठी किल्ली झाली. रोज सकाळी भांडण, दुपारी अबोला, संध्याकाळी काम उरकलेलं. मात्र अबोला आता चहाच्या पलीकडे टिकत नसे. तासाभरात कोणीतरी एक म्हणायचाच, “पट्टी कुठे ठेवलीस?”

मग एका दातांच्या डॉक्टरीणबाईंनी खिडकीत ठेवायला मोठी दाढ मागितली. दाढ छान झाली, पांढरीशुभ्र, तीन मुळांची, सोफ्याएवढी. हातगाडी मिळाली नाही म्हणून दोघं ती हातांवरच घेऊन निघाले, भर रहदारीतून, पेंटर पुढे आणि चुळबुळे मागे. सिग्नलला थांबल्यावर चुळबुळेला दिसलं, की एका मुळाला रंगाचा ओघळ आलाय.

“जरा खाली ठेव,” तो म्हणाला.

“का?”

“काही नाही. जरा ठेव.”

“चालायला लाग,” पेंटर मागे न बघता म्हणाला, आणि सिग्नल सुटायच्या आतच पुढे निघाला.